पाचवा तास

ओतिलिया मातियासला इंग्रजी येत नाही, असं तिच्या शाळेचं बारा वर्षांपासूनचं म्हणणं होतं.

खरं तर ती जन्मली कॅन्ससमधल्या याच गावात. पाच वर्षांची असताना आई, कांदेलारिया, तिला शाळेत घालायला घेऊन गेली, तेव्हा एका फॉर्मवर प्रश्न होता: घरी कोणती भाषा बोलता? आईनं शेजारणीकडून खरं ते उत्तर लिहून घेतलं. माम. ग्वाटेमालाच्या डोंगरातली तिची भाषा. त्या एका शब्दानं ओती ‘इंग्रजी शिकणाऱ्यां’च्या यादीत जाऊन बसली. यादीतून सुटायचं तर दर फेब्रुवारीत होणाऱ्या परीक्षेत सहापैकी पाच गुण हवेत. ओतीला कधी साडेचार पडायचे, कधी चार पूर्णांक सात. पाच कधीच नाहीत.

वाचन, लेखन, ऐकणं यात ती चांगली होती. घोडं अडायचं बोलण्यात. परीक्षेला पंचवीस-तीस मुलांना लायब्ररीत बसवायचे, कानाला हेडफोन, तोंडापुढे माईक. पडद्यावर चित्र यायचं, कुत्रा हरवलेला मुलगा किंवा असंच काही, आणि त्याबद्दल मोठ्यानं बोलायचं. आजूबाजूला सगळे एकदम बोलायला लागायचे. सतरा वर्षांची घोडी झालीस आणि कुत्र्याची गोष्ट सांगतेस, असं शेजारचा मनात म्हणत असेल असं वाटून ओती दोन वाक्यं पुटपुटायची आणि बटण दाबून मोकळी व्हायची. ते पुटपुटणं कुठल्या कुठे बसलेलं कुणीतरी ऐकायचं आणि गुण द्यायचं.

यादीत नाव असलेल्यांना रोज पाचवा तास इंग्रजीच्या जादा वर्गात काढावा लागे. तो प्रुइटसरांकडे होता. माणूस भला. वर्गात होंडुरासहून, सोमालियाहून, ब्रह्मदेशातून महिन्यापूर्वी आलेली पोरं. सर बिचारे कुठे कुठे पुरे पडणार? हजेरीचा कागद ते ओतीच्या हातात देत. “ओती, याला जरा भूतकाळ समजाव.” ओती समजावत असे. तिला वाटे, मी इथे विद्यार्थी आहे की नोकर?

वर्गाच्या खिडकीतून शाळेचं फाटक दिसायचं. बरोब्बर बारा वीसला तिथून एक बस निघे. शेवटच्या वर्षाची मुलं दुपारचे दोन तास जिल्ह्याच्या कॉलेजात जाऊन नर्सिंग साहाय्यकाचा कोर्स करत. शाळा संपतानाच हातात सर्टिफिकेट, आणि गावातल्या दवाखान्यात नोकरी. ओतीला तेच करायचं होतं. आई मांसाच्या कारखान्यात सुरी चालवायची. तिची बोटं बधिर व्हायला लागली तेव्हापासून ओतीच तिला दवाखान्यात नेई, डॉक्टरांचं तिला सांगे आणि तिचं डॉक्टरांना. तिथली साहाय्यक बाई आईचा हात हातात घेऊन एकेक बोट हलवून बघायची. त्या वेळी आईचा चेहरा जसा सैल पडायचा तसा घरीसुद्धा पडत नसे. हे काम आपल्याला येईल, हे ओतीला तिथेच कळलं होतं.

कोर्सचा वेळ पाचवा आणि सहावा तास. म्हणजे प्रश्नच मिटला.

शाळेच्या दाराशी शिक्षण मंडळानं आपली उद्दिष्टं मोठ्या अक्षरांत लावली होती. दुसरं उद्दिष्ट: दर दहातल्या नऊ मुलांनी शाळा संपेपर्यंत एखादं कामाचं शिक्षण पुरं करावं. चौथं: इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला रोज त्याचा हक्काचा वर्ग मिळावा. ओती दोन्हींत मोजली जात होती. दोन्ही एकाच वेळी कशी पुरी करायची, ते मात्र तिथे लिहिलेलं नव्हतं.

अकरावीच्या मे महिन्यात निकालाचं पत्र आलं. चार पूर्णांक सहा. ओती ते चुरगाळून टाकणार होती, पण मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक ओळ दिसली. पालकांची इच्छा असल्यास सही करून मुलाला या वर्गातून काढता येईल, मुदत वीस मे. इतकी वर्षं हे पत्र घरी येत होतं आणि ही ओळ कुणी वाचलीच नव्हती. आईला वाचता येत नव्हतं, वडील ती सात वर्षांची असतानाच निघून गेले होते, आणि ओती दरवर्षी गुण बघून पत्र फेकून देत होती.

आई कामावर निघायच्या आधी शेंगा निवडत बसली होती. ओतीनं पत्र पुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं.

“शाळा फुकट शिकवते आणि तू नको म्हणतेस?” आई म्हणाली.

“जे येतं तेच शिकवतात गं.”

“येतं असं तू म्हणतेस. त्यांची परीक्षा तर नाही म्हणते.”

“आई, मी दिवसभर इंग्रजीच बोलते!”

“मला काय कळतंय त्यातलं? तू बोललीस की मला सगळंच इंग्रजी वाटतं.” आईनं शेंगांचं ताट बाजूला सारलं. “मी शाळेच्या बाईंच्या तोंडून ऐकेन. मग सही.”

केस्लरबाई शिक्षण मंडळाच्या कचेरीत या वर्गांच्या प्रमुख होत्या. त्यांनी फोनवर स्पॅनिश दुभाषा सांगून ठेवला होता. आईला स्पॅनिशही अर्धंमुर्धंच येई, पण माम बोलणारा दुभाषा आणणार कुठून? मायलेकी भेटायला गेल्या त्या दिवशी तर स्पॅनिशवालाही फोनवर येईना. दहा मिनिटं नुसतं संगीत वाजत राहिलं. आईला अडीचच्या पाळीला पोचायचं होतं.

“ओती, तूच सांगशील का आईंना?” केस्लरबाई शेवटी म्हणाल्या. “नियमात बसत नाही, पण काय करणार.”

इंग्रजी येत नाही म्हणून जिच्यासाठी बैठक, तीच त्या बैठकीची दुभाषी झाली. ओतीला हसू आलं, पण कुणाकडे बघून हसणार?

सुरुवात ठीक झाली. केस्लरबाई दोन वाक्यं बोलत आणि थांबत, ओती ती माममध्ये सांगे. आई टेबलावर हात ठेवून ताठ बसली होती. तिची नजर ओतीकडे नव्हती, बाईंच्या चेहऱ्यावर होती.

“एक गोष्ट मला सांगायलाच हवी,” केस्लरबाई म्हणाल्या. “वर्ग सोडला तरी नाव यादीत राहतं, दरवर्षीची परीक्षा द्यावीच लागते. आणि आमचा अनुभव असा की वर्ग सोडलेली मुलं आहेत त्याच गुणांवर अडकून पडतात. त्यामुळे आमचा सल्ला आहे, सोडू नये. पण निर्णय आईंचा.”

पेन आईच्या हाताशी होतं. एक सही, आणि सप्टेंबरात ओती बसमध्ये.

“म्हणते, नाव यादीत राहील, परीक्षाही द्यावी लागेल,” ती माममध्ये म्हणाली. “बाकी निर्णय तुझा.”

“एवढंच? बाई तर केवढं बोलली.”

“इंग्रजीत लांब होतं ते.”

आईनं पेन उचललं नाही. “तिची मान दोनदा नाही म्हणाली,” ती हळूच म्हणाली. “भाषा येत नाही म्हणून काय झालं, डोळे आहेत मला. काय म्हणाली ती?”

ओतीनं मग सगळं सांगितलं. सल्लासुद्धा.

“चांगलं असतं तर तू लपवलं नसतंस,” आई म्हणाली.

ओतीचा धीर सुटला. ती केस्लरबाईंकडे वळली. “मिस, तुम्हीच सांगा. अर्धा तास मी तुमच्याशी बोलतेय ती कोणती भाषा आहे?”

केस्लरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मला ऐकू येतंय गं. तुझं इंग्रजी उत्तम आहे. पण मला आकडा लागतो. तो नसताना मी वेगळा सल्ला दिला तर उद्या विचारतील, कशाच्या जोरावर दिलात?”

“काय म्हणाली?” आईनं विचारलं.

“म्हणाली, माझं इंग्रजी उत्तम आहे.”

आईनं तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच. “आता परत खोटं बोलतेस,” ती म्हणाली आणि उठली.

पत्र तिथेच राहिलं. वीस मे आली आणि गेली.

बारावीचं वर्ष ओतीनं पाचव्या तासाला खिडकीकडे पाठ करून काढलं. बसचा आवाज मात्र ऐकू यायचाच. घरात मायलेकी बोलत होत्या, पण कामापुरतं. आई आता ओतीनं काही सांगितलं की क्षणभर थांबून तिच्या तोंडाकडे बघायची. ओतीला त्या बघण्याचा राग यायचा आणि रागाची लाजही वाटायची. एकदा तिनं सरळ विचारलं, “विश्वास नाही का माझ्यावर?” आई म्हणाली, “जेवून घे.”

फेब्रुवारीत पुन्हा लायब्ररी, पुन्हा माईक. या वेळी शेजारी हबीबो होती. सोमालियाची, पंधरा वर्षांची, ख्रिसमसनंतर शाळेत आलेली. पहिलं चित्र आलं आणि हबीबो नुसती बघत राहिली. ओठ मिटलेले, हात मांडीत. पडद्यावरचं घड्याळ पळत होतं. तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं, तेही ती पुसेना.

पहिली काही चित्रं सगळ्यांना सारखीच असायची. ओतीनं माईक जवळ ओढला आणि मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलायला लागली. “हा एक बाजार आहे. ही बाई टोमॅटो निवडते आहे. तिला घाई आहे, कारण पाऊस येणार आहे.” हबीबोनं मान वळवली. मग तिच्या माईकमध्ये तेच शब्द पडायला लागले, मोडकेतोडके का होईना. ओतीनं आवाज आणखी चढवला. शेजारचा काय म्हणेल याचा तिला पत्ताच नव्हता. हबीबोचं घड्याळ संपायच्या आत तिला वाक्यं पुरवायची होती. ती बोलतच राहिली, चित्रात नव्हतं तेही सांगत राहिली.

मे महिन्यात पत्र आलं. पाच पूर्णांक तीन.

यादीतून सुटलेल्या मुलांचा शिक्षण मंडळाच्या सभेत सत्कार होता. आईनं पाळी बदलून घेतली. गावाकडून आणलेलं विणीचं लाल पोलकं घातलं आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली. स्टेजवर एकोणीस मुलं उभी होती, बहुतेक दुसरी-तिसरीतली. ओती मागे, सगळ्यांहून दोन हात उंच. अधीक्षकांनी तिचा हात हातात घेऊन सभेला सांगितलं की ओतिलियानं तेरा वर्षं चिकाटीनं इंग्रजी शिकून दाखवलं, आणि मंडळाचं चौथं उद्दिष्ट म्हणजे अशीच मुलं. टाळ्या वाजल्या. फोटो काढणारा “बाळांनो, इकडे बघा” म्हणाला. ओतीनं बघितलं. खाली आई रडत होती, आनंदानं, आणि फोनवर तिचे फोटो काढत होती.

बाहेर गाडीपाशी अजून उजेड होता. वाऱ्यावर कारखान्यासाठी ठेवलेल्या गुरांचा वास येत होता.

“आता त्या बसमधून जाशील?” आईनं विचारलं.

“ती शाळेतल्या मुलांची असते. माझी शाळा नऊ दिवसांनी संपते.”

आई सत्कारात मिळालेल्या सर्टिफिकेटची गुंडाळी करत होती. ती थांबली. “तेव्हा मी सही केली असती तर?”

नसतीच जागा मिळाली, असं म्हणणं सोपं होतं. ओतीच्या तोंडापर्यंत ते आलंही. “तर मी गेले असते,” ती म्हणाली.

आईनं मान हलवली. तिनं गाडीच्या टपावर हात ठेवला. मग म्हणाली, “मला त्या दिवशी तुझा राग नव्हता आला, पोरी. मी घाबरले. या गावात जे काही मला कळतं ते तुझ्या तोंडून. तूच गाळून सांगायला लागलीस तर मी कुठे जाऊ?”

ओतीनं इतकी वर्षं आईचा आवाज व्हायचं ओझं वाहिलं होतं. ते ओझं आईलाही वाहावं लागत असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“कॉलेजच्या दुसऱ्या गावच्या शाखेत तोच कोर्स संध्याकाळी असतो,” ती म्हणाली. “पण चाळीस मैल. आणि गाडी एकच, ती तुझ्या पाळीला लागते.”

“मग सकाळची पाळी मागू या.”

“तू मागशील?”

“मी कशी मागू? तूच मागशील, माझ्या नावानं,” आई म्हणाली, आणि दोघींना एकदम हसू फुटलं. वर्षभरात पहिल्यांदा.

सोमवारी ओती आईबरोबर कारखान्यात गेली. तिथल्या साहेबानं सगळं ऐकून घेतलं. सकाळच्या पाळीसाठी आधीच बत्तीस जणी थांबल्यात, म्हणाला, तरी नाव लिहून ठेवतो. ओतीनं आईकडे वळून ते सांगितलं, बत्तीसच्या बत्तीस. आईनं साहेबाच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. “लिहू दे,” ती म्हणाली.