मोठे करून दाखवणारी बाजू

मित्रांनो, अक्रोडाच्या लाकडाची मूठ असलेला मी एक जुना आरसा आहे. मुठीला चीर गेली आहे आणि तिच्यावर निळी चिकटपट्टी गुंडाळली आहे. मला दोन बाजू आहेत. एक बाजू चेहरा जसा आहे तसा दाखवते, दुसरी तिप्पट मोठा करून दाखवते. माझ्यासमोर जेवढी रडारड झाली, ती बहुतेक या दुसऱ्या बाजूमुळे. त्यातल्या एकाही वेळी मला बोलता आले नाही.

माझा जन्म शहात्तर साली एका सहकारी कारखान्यात झाला. माझी दुसरी काच बसवणारा कारागीर शेजारी बसलेल्या कामगारणीला म्हणाला होता, "ही बाजू डोळ्यात गेलेलं कुसळ काढायला. हिच्यात अख्खा चेहरा बघायचा नाही, माणूस घाबरतं." हे वाक्य माझ्या पाठीवर छापायला हवे होते. कोणाला सुचले नाही.

त्याच वर्षी मी प्लोव्दिव्ह शहरात नेवेनाबाईंच्या केशकर्तनालयात आलो. ट्राकिया वस्तीतल्या आठ मजली इमारतीचा तळमजला. दारासमोर अंगण, अंगणात चेरीचे झाड. बाई केस कापून झाले की मला गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरत. बायका मान हलवत, हसत, नाके मुरडत. तेव्हा माझे कौतुक होते. बाई रोज संध्याकाळी मला मऊ फडक्याने पुसत.

चेहऱ्यावरचे उपचार वाईटच असतात, असे मी म्हणणार नाही. बोयाना नावाची एक शिक्षिका मोठ्या आजारातून उठली, तेव्हा तिच्या भुवया गळून गेल्या होत्या. नेवेनाबाईंनी चार बैठकांत बारीक सुईने तिच्या भुवया रंगवल्या. बोयानाने माझ्यात पाहिले आणि म्हणाली, "आता वर्गात मुलं माझ्याकडे बघतील, माझ्या आजाराकडे नाही." ती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमान वाटला होता.

सहा वर्षांपूर्वी बाईंच्या सुनेने, मिरेलाने, दुकान ताब्यात घेतले. खुर्च्या गुलाबी झाल्या. कात्र्या कपाटात गेल्या. मिरेला तीन दिवसांचा वर्ग करून आली आणि ओठांत सुईने भर घालू लागली. ती डॉक्टर नव्हती. भिंतीवर तिने 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो लावले. मला मात्र तिने ठेवून घेतले, कारण तिला माझी दुसरी बाजू आवडली. गिऱ्हाईक खुर्चीत बसले की ती मला उलटे करून त्याच्या हातात द्यायची आणि विचारायची, "काय खटकतंय, सांग." तिप्पट मोठ्या चेहऱ्यात काय खटकणार नाही? मी वैतागायचो. पण वैतागलेला आरसाही चेहराच दाखवतो.

आमच्याकडे बारावी संपली की मे महिन्याच्या अखेरीस निरोपाचा समारंभ असतो. त्याची तयारी लग्नासारखी होते. संध्याकाळी मुलगी नटून खाली येते, नातेवाईक अंगणात जमतात, ढोल आणि सनई येते, सगळे हात धरून होरो नाचतात. मग बारा इयत्तांसाठी सगळी मुले एक ते बारा आकडे जोरात ओरडतात आणि गाड्यांतून निघून जातात. पूर्वी या दिवसासाठी पोशाख आणि बूट भेट मिळत. हल्ली ओठ मिळतात.

झोर्नित्सा याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहायची. सगळे तिला झोरा म्हणत. तिचे आजोबा स्तामात कवाल वाजवत. कवाल म्हणजे लांब लाकडी बासरी. ती तोंडाच्या कडेला तिरकी धरतात आणि ओठ एका बाजूला मुडपून फुंकतात, त्यामुळे वाजवताना तोंड वाकडे दिसतेच. आजोबांनी नातीला सातव्या वर्षापासून शिकवले. तीन जुलैला तिची संगीत अकादमीची प्रवेश परीक्षा होती. जागा सहा होत्या. अकरा वर्षे ती मुलगी या एका दिवसासाठी वाजवत होती.

एप्रिलमध्ये शाळेच्या कार्यक्रमात ती वाजवत असताना वर्गातल्या क्रिस्तियाना नावाच्या मुलीने फोटो काढला. वाकड्या तोंडाचा तो फोटो वर्गभर फिरला. खाली लिहिले होते : 'दाताच्या डॉक्टरकडून थेट मंचावर.' त्यानंतर झोरा लोकांसमोर वाजवेना. घरात दार लावून वाजवायची. परीक्षेत पाच परीक्षक समोर बसणार, या विचाराने ती वाजवता वाजवता मध्येच थांबायची.

तिची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेली आई, येव्दोकिया मनाने चांगली बाई. तिनेच समारंभाची भेट म्हणून झोराला एकवीस मे रोजी दुकानात आणले.

"मिरेला, पोरीला जरा हिंमत दे बाई," येव्दोकिया म्हणाली. "ओठ भरले की तोंड भरेल. मग परीक्षक काय, मंत्री बसले तरी घाबरणार नाही."

मिरेलाने मला उलटे करून झोराच्या हातात दिले. "काय खटकतंय?"

"तोंड," झोरा म्हणाली. "वाकडं आहे."

मित्रांनो, ते वाकडे नव्हते. मी एकोणपन्नास वर्षे तोंडे पाहतो आहे. वरच्या ओठाची डावी बाजू किंचित पुढे होती, अकरा वर्षांच्या सरावाने कमावलेली. तिच्यावरच सूर टेकायचा.

कोपऱ्यात विणत बसलेल्या नेवेनाबाई म्हणाल्या, "अगं, वाजवणाऱ्या मुलीचे ओठ आहेत. आधी स्तामातला तरी विचारा."

"आई, तुमच्या वेळी मेंदी न् केस कुरळे करायच्या गुंडाळ्या होत्या," मिरेला म्हणाली. "यात विचारायचं काय? चार दिवसांत सूज उतरते."

"आजोबांना सांगू नका हं, मावशी," झोरा नेवेनाबाईंना म्हणाली. "अचानक दाखवायचंय."

सगळे अठरा मिनिटांत झाले.

पंचवीस तारखेच्या संध्याकाळी मी खिडकीत होतो. झोरा हिरव्या पोशाखात खाली आली. शेजारणी थू थू करत म्हणाल्या, "नजर नको लागायला, काय दिसतेय!" मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, त्या संध्याकाळी झोराला खरोखर धीर आला होता. ती होरोच्या रांगेत सर्वांत पुढे नाचली. क्रिस्तियानानेसुद्धा तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला.

मग आजोबांनी कवाल पुढे केली. "झोरे, जाता जाता एक सूर. अंगणाला ऐकू दे."

तिने कवाल तोंडाला लावली. नुसता वारा आला. तिने ओठ मुडपायचा प्रयत्न केला. ओठ मुडपेना. पुन्हा वारा.

"दमली नाचून," येव्दोकिया घाईने म्हणाली आणि ढोलवाल्याला खूण केली. ढोल वाजला, मुलांनी बारा आकडे ओरडले, गाड्या गेल्या. आजोबा कवाल हातात घेऊन चेरीखाली तसेच उभे होते.

सूज चार दिवसांत उतरली. भर उतरली नाही, आणि डावीकडे वाटाण्याएवढी गाठ राहिली. झोरा कवाल घेऊन दुकानात आली.

"काढून टाक," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? सगळ्या इमारतीत तुझ्यासारखे ओठ नाहीत!"

"मला वाजवता येत नाहीये, मिरेलाताई. परीक्षा पाच आठवड्यांवर आलीय."

"मला भरता येतं. काढायचं शिकवलं नाही," मिरेला म्हणाली आणि खाली बघू लागली.

नेवेनाबाई उठल्या. "जे काढता येत नाही, ते घालतेस कशाला गं? ऊठ झोरा, इस्पितळात जाऊ."

इस्पितळातल्या डॉक्टरांनी नऊ जूनला औषध टोचून भर विरघळवली. ओठ पुन्हा बारीक झाले, पण ढिले पडले. आपली जुनी जागा त्यांना सापडेना. मग रोज दुपारी चार वाजता झोरा आजोबांना घेऊन दुकानात येऊ लागली. नेवेनाबाई मला सरळ बाजूने तिच्यासमोर धरत आणि ती कवाल लावून बसे. ज्या वाकड्या तोंडाची तिला लाज वाटली होती, तेच ती माझ्यात शोधत होती.

"अजून थोडं डावीकडे," आजोबा म्हणायचे. "अजून वाकडं कर. लाजतेस कसली?"

"लाजत नाहीये, आजोबा. जमत नाहीये."

परीक्षेनंतर आजोबा एकटेच दुकानात आले. बाईंनी कॉफी ठेवली.

"काय झालं, स्तामात?"

"पाच जण समोर बसले होते. पोरीनं मान वर करून वाजवलं, तोंड लपवलं नाही." त्यांनी कप फिरवला. "पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्यात लांब सूर होता, तो फाटला. सातवी आली."

जागा सहा होत्या.

आता सप्टेंबर आहे. झोरा एका बेकरीत काम करते आणि पहाटेची पाळी संपली की सराव करते. पुढच्या जुलैत ती पुन्हा परीक्षेला बसणार आहे. मिरेलाच्या भिंतीवर मात्र तिचा पंचवीस मेचा, हिरव्या पोशाखातला फोटो अजून आहे. तो सर्वांना आवडतो. कालच एक सतरा वर्षांची मुलगी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मला अस्से ओठ हवेत." आणि मिरेलाने तिला सांगितले, "ही बघ, आधी किती लाजाळू होती!" ते ऐकून मला तडकून जावेसे वाटले. नेवेनाबाई तेव्हा बाजारात गेल्या होत्या.

मित्रांनो, चेहऱ्यात काही बदलावेसे वाटले तर जरूर विचार करा. पण तो अवयव दिवसभर तुमच्यासाठी काय करतो, हे आधी पाहा. आणि तुमच्या वर्गात कोणाचा असा फोटो फिरत आला, तर तो तुमच्यापाशी थांबवा. क्रिस्तियानाने तो फोटो केव्हाच पुसून टाकला आहे. आपण काही केले, हे तिला आठवतही नाही.