बिनझाकणाचं मडकं

तोकुजीने खिशातून काचेची बाटली काढली आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नाकासमोर खुळखुळवली.

"एकतीस खडे. आमच्या हिच्या पित्ताशयातले. सर्जनने ते पित्ताशयही ताटलीत घालून दाखवलं मला."

बाई जेवत होती. तिने भाताचा वाडगा खाली ठेवला.

फुमिएने भिंतीकडे मान वळवली. नवऱ्याच्या सदऱ्याला ऑक्टोपसच्या बुळबुळीत पाण्याचा वास येत होता. चव्वेचाळीस वर्षं झाली, तरी त्या वासाने तिला मळमळे. लग्न होऊन ती या बेटावर आली, तेव्हा ऑक्टोपस धरायची मडकी मातीची असत. त्यांवरचे शिंपले खरवडताना बोटं सोलून निघत. नणंद किनू घासलेल्या मडक्यात नाक घालून म्हणे, "वास येतोय. परत घास."

ऑपरेशन सोमवारी झालं होतं. मंगळवारी तिच्या छातीत कळ आली, श्वास लागला. आज तरुण डॉक्टर तिच्या खाटेशी बसून कागदावर हृदय काढून दाखवत होते.

"रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत, आजी. पण हृदयाचा खालचा भाग फुगलाय, हलत नाही. मान अरुंद, पोट गोल. ऑक्टोपसच्या मडक्यासारखं. आजाराचं नावही तेच."

तोकुजी खूश झाला. "मग योग्य घरी आला म्हणायचा. सहाशे मडकी आहेत माझी. एकालाही झाकण नसतं, डॉक्टर. ऑक्टोपस आपणहून आत शिरतो. बाहेर पडायला कोण अडवतंय? पण दोर ओढला की उलट आणखी घट्ट बसतो, मूर्ख."

"हे बरं होतं, काही आठवड्यांत," डॉक्टर फुमिएला म्हणाले. "मोठा धक्का बसला की होतं असं. ऑपरेशननंतर काही घडलं होतं का?"

"छे," तोकुजीच बोलला. "उलट मी आनंदाची बातमी आणली होती. किनू अक्काला वृद्धाश्रमातून घरी आणलं. मागच्या खोलीत निजवलंय. हिच्या नाकातली नळी निघायच्या आधीच कानात सांगितलं, म्हटलं हुरूप येईल. अक्काचं सगळं अंथरुणातच असतं, पण हिला सवय आहे. आमच्या आईचं अकरा वर्षं केलंय हिने."

सासूच्या पाठीवरच्या जखमा, कोंदट गोधड्या, थुंकीचं भांडं. फुमिएच्या घशाशी आंबट आलं. एरवी ती गिळून टाकत असे. आज ती उशाजवळच्या भांड्यात थुंकली आणि तोंड पुसलं.

"घडलं होतं," ती म्हणाली. "अहो, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी? कशाला?"

"बसा."

तो उठला. दारापाशी थांबला.

"रविवारी येशील ना घरी? शेजारीण काही रोज बघणार नाही. मग अक्काचं कोण करायचं?"

फुमिएने हृदयाचा तो कागद डॉक्टरांपुढे सरकवला.

"डॉक्टर," ती म्हणाली, "धक्का कशाचा, ते इथूनच लिहायला घ्या."