बैलासारखं ऐकणारा ट्रॅक्टर

"काका, तुमच्या बैलासारखं ऐकतं बघा," असं मी धर्मापुरीच्या अर्जुनरावांना म्हणालो, तेव्हा माझ्या मनात फक्त स्टेअरिंग होतं. ते खरोखर हलकं आहे. अर्जुनरावांनी बैलजोडी विकून छोटा ट्रॅक्टर नेला आणि आठवड्याच्या आत परळीत आमच्या शोरूमला फोन केला.

"ऐकत न्हाई. घेऊन जा."

मालक अजीजभाईंचा एकच नियम होता: गिऱ्हाइकाला जे बोललं ते करून द्यायचं. नाही जमलं तर माल परत आणि सेल्समन घरी. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती.

"तू बोललास का बे, बैलासारखं?"

"भाई, बोलण्यात बोलायचं असतं."

"मग आता करण्यात कर."

धर्मापुरीत ट्रॅक्टर सोयाबीनच्या कडेला उभा होता. अर्जुनराव मागून सांगत होते, "चल पाखऱ्या. चल की रं." पाखऱ्या हे विकलेल्या बैलाचं नाव. ट्रॅक्टर ढिम्म.

मी बी.एस्सी. आहे, विषय भौतिकशास्त्र. डिझेल इंजिनावर माणसाच्या आवाजाचा परिणाम का होत नाही, हे मी बांधावर बसून नीट समजावलं. अर्जुनरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग हे तवाच कावून न्हाई सांगितलं?"

त्यांच्या पत्नी तुळजाबाई म्हणाल्या, "कागदावरचं आमी वाचलंच न्हाई बाबा. तू तोंडानं बोलला, त्याच्यावर घेतलं."

"पोळ्यापातुर बघतो," अर्जुनराव म्हणाले. "मग ठेवायचा का न्हाई ते ठरवू."

मी उपायांचा विचार केला. माईक, सर्किट, क्लचला जोडलेली मोटर. परळीत मिळणाऱ्या सामानात हे बसणारं नव्हतं. आवाज ऐकून क्लच सोडणारी सगळ्यांत स्वस्त यंत्रणा मीच होतो. मी सीटवर बसलो.

"चल पाखऱ्या."

मी लगेच क्लच सोडला. बैलाला थांबवतात तसं त्यांनी "हो" म्हणताच थांबलो.

"न्हाई जमलं," अर्जुनराव म्हणाले. "बैल एका हाकंत ऐकतो व्हय?"

निरीक्षण अचूक होतं. पुढच्या वेळी पहिल्या हाकेला मी नुसता बसून राहिलो, दुसरीला मान हलवली, तिसरीला क्लच सोडला. अर्जुनरावांचा चेहरा खुलला.

"आता बरोबर का, काका?"

ते दचकले. "बोलतंय व्हय हे?" त्यांनी बायकोला विचारलं. त्यानंतर मी शेतात बोललो नाही.

कोळपणी सुरू झाली. मी सकाळच्या एसटीनं यायचो. दुपारी तुळजाबाई रेडिएटरमध्ये पाणी ओतायच्या आणि उरलेली बादली माझ्यापुढे ठेवायच्या. ऊन चढलं की मी आपोआप बाभळीकडे वळू लागलो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. "सावली वळखतंय," अर्जुनराव शेजाऱ्यांना कौतुकानं सांगायचे.

संध्याकाळी अजीजभाईंचा फोन यायचा. "ऐकतोय का बे ट्रॅक्टर?"

"ऐकतोय, भाई. तिसऱ्या हाकेला."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात. अर्जुनरावांनी ट्रॅक्टरच्या दोन्ही मडगार्डांना लोणी लावलं. मग वर चढून माझे खांदे मळले. हात खरखरीत होते, पण खांदे भरून आलेच होते, त्यामुळे बरं वाटलं. मग बैलांना सांगतात तसं ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

त्यांनी अजीजभाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "ट्रॅक्टर परत न्हाई देत. पोरगं खरं बोललतं. लई गुणाचं हाय."

"आदिनाथ!" अजीजभाई फोनमधून ओरडले. "पक्की झाली बे नोकरी! पोळा झाला की ये शोरूमला."

मी समोर बघत बसलो.

"आदिनाथ? ऐकतोस का?"

माझी मान जराशी हलली.

"अहो, आहे का तिथं तो पोरगा?"

"हाय की," अर्जुनराव शांतपणे म्हणाले. "तुमी अजून एकदा हाक मारा."