पद्माची आणेवारी

सरकारी माणूस बांधावर उभा राहून सोळा आण्यांपैकी किती पीक येईल याची आणेवारी काढतो, तशी उकंडराव गुरुजी पोरांची काढीत. नवे पैसे येऊन पंधरा-सतरा वर्षं झाली होती, पण गुरुजींचा अंदाज अजून आण्यांतच चाले. "तुझा थोरला मॅट्रिकला ना? अकरा आणे. गणितात घसरला नाही तर बारा." बाप खुशीत घरी जाई. "आणि तुझा? साडेतीन. त्याला आत्तापासूनच औताला जुंप." निकाल बहुतेक तसाच लागे. औताला जुंपलेलं पोरगं पास होणार तरी कसं, हे मात्र कधी कोणी विचारलं नाही.

शिरड शहापूरहून पाटाच्या कडेनं तीन मैल आत गेलं की त्यांचं गाव. तिथल्या शाळेत बावीस वर्षं हेडमास्तरकी करून गुरुजी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. घरची जमीन बक्कळ, पाणी पाटाचं, म्हणून गुरुजींना सकाळ-संध्याकाळ ओसरीवर बसून लोकांच्या लेकरांचं भविष्य सांगायला फुरसत होती.

चौऱ्याहत्तरच्या चैत्रात एका सकाळी पद्मा आली. पुंजाजी पाटकऱ्याची लेक. सिद्धेश्वरच्या कालव्याचं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं, कधी अडवायचं, हे काम पुंजाजीकडं. बौद्धवाड्यातली पहिली मॅट्रिक म्हणजे पद्मा. पुढं हिंगोलीत राहून ती बी.ए. झाली, तीही पहिल्या वर्गात. मॅट्रिकला गुरुजींनी तिला सात आणे दिले होते, आणि ती केंद्रात पहिली आली होती. पण एखादं साल पाऊस वेड्यासारखा पडतोच, असं म्हणून गुरुजींनी ते सोडून दिलं होतं.

"बस की," गुरुजी म्हणाले. पद्मा पायरीवर बसली. वर ये असं ते म्हणाले नाहीत, आणि म्हणाले नाहीत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

तिनं पिशवीतून एक जाडसर पुस्तिका काढली. दिल्लीत एक विद्यापीठ नवं निघालं होतं, त्याचं इंग्रजी माहितीपत्रक. हिंगोलीच्या प्राध्यापकांनी मागवून दिलेलं.

"अर्थशास्त्राच्या एम.ए.ला अर्ज करून राहिले, गुरुजी. जागा चाळीस. सर म्हणले, मागच्या साली दोन हजारांवर अर्ज आलते. लेखी परीक्षा औरंगाबादला हाय."

"दोन हजारांत चाळीस!" गुरुजींनी चष्मा लावला, पुस्तिका उघडली, पहिली दोन पानं डोळ्यांखालून घातली आणि मिटली. इंग्रजी ते बावीस वर्षं शिकवत आले होते. वाचायची वेळ सहसा येत नसे.

मग त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "हे बघ, खरं बोलतो, राग मानू नको. तिथं येणार कलकत्त्याची, मद्रासची पोरं. कॉन्व्हेंटमधली. तू खेड्यातली, हे एक. इंग्रजी पाचवीपासून आमच्या हाताखाली, हे दोन. बाप पाटकरी, आई अंगठेबहाद्दर, तीन. परभणी जिल्हा कुठं आहे हे दिल्लीत कोणाला विचारलं तर सांगता यायचं नाही, चार. त्यात मुलीची जात." इथं ते जरा थांबले, कारण हा शब्द त्यांना हवा तसा पडला नव्हता. "म्हणजे, बाईची. दोन आणे, पद्मा. तेसुद्धा तू हुशार म्हणून."

पद्मा हसली नाही, रुसलीही नाही. "दोन तं दोन," ती म्हणाली.

गुरुजींना मग तिची दया आली. त्यांचा स्वभाव मुळात वाईट नव्हता. त्यांनी पुन्हा पुस्तिका चाळली, आणि एका पानावर पत्राबद्दल काही मजकूर दिसला. उमेदवाराला ओळखणाऱ्या जबाबदार माणसानं त्याच्या परिस्थितीविषयी लिहावं, असा काहीतरी.

"हे मी लिहून देतो. असं लिहितो की चार आण्यांवर जाशील!"

तीन दिवस गुरुजी त्या पत्रात बुडाले होते. पेटीच्या तळातला शब्दकोश वर आला. पत्नी नर्मदाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली तरी त्यांना ऐकू गेली नाही. पत्र इंग्रजीत झालं, चांगलं अडीच पानी. त्यात गाव पुढारलेलं होतं, शाळा तालुक्यात नावाजलेली होती, शाळेत ग्रंथालय आणि प्रयोगशाळा होती, पुंजाजी पाटबंधारे खात्यात सेवेत होता, आणि मुलीचं सारं शिक्षण एका अनुभवी मुख्याध्यापकाच्या देखरेखीखाली झालं होतं. खाली त्या मुख्याध्यापकाची सही.

पद्मानं ते पायरीवर बसून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाली, "गुरुजी, तुमी लई कष्ट घेतले. पण ह्याच्यानं माझे गुण कटतील."

"काय?"

तिनं पुस्तिकेचं अकरावं पान उघडून मांडीवर धरलं आणि बोट ठेवून एकेक ओळ मराठीत सांगितली. त्या विद्यापीठाची तऱ्हाच न्यारी होती. उमेदवार मागास जिल्ह्यातला असेल तर त्याला जास्तीचे गुण. आईबाप शिकलेले नसतील तर जास्तीचे गुण. बापाची मिळकत कमी, त्याचे गुण. परभणी जिल्हा यादीत अगदी वरच्या ओळीत होता. गुरुजींनी ज्या ज्या गोष्टीसाठी आणे कापले होते, त्या त्या गोष्टीला दिल्लीवाले गुण देत होते.

गुरुजींनी पुस्तिका हातात घेऊन ते पान स्वतः पाहिलं. मग चिडले. "म्हणजे आमच्या जिल्ह्याला मागास म्हणायचं, आणि वर बक्षीस द्यायचं? हा कुठला न्याय?"

"तुमीच म्हणले, परभणी कुणाला ठावं न्हाई. त्यांला तं ठावं हाय."

गुरुजींनी अडीच पानांची घडी घातली. "मग पत्र नकोच म्हणतेस?"

"लिहा ना," पद्मा म्हणाली. "पण खरं लिहा. आन इंग्रजीत नको. तुमी मराठीत लिहा, लागलं तं मी इंग्रजी करीन."

"खरं म्हणजे काय?"

पद्मानं खाली बघत, अगदी सावकाश सांगितलं. प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट होतं, आणि किल्ली सापडत नाही या सबबीवर ते पाच वर्षांत एकदाच उघडलं, तेही इन्स्पेक्टर आले तेव्हा. ग्रंथालयाची पुस्तकं गुरुजींच्याच घरी होती. विज्ञानाला दोन वर्षं मास्तरच नव्हता.

"बरं, बरं," गुरुजी म्हणाले.

"आन माठ."

"कसला माठ?"

"शाळेत दोन माठ व्हते, गुरुजी. एक व्हरांड्यात, एक लिंबाखाली. आमचा लिंबाखालचा. त्याच्यात पाणी असलं तं असलं. नसलं तं आमी घरला जाऊन प्यायचो. अर्धा तास बुडायचा. तुमी त्याच्या छड्या मारायचे, उशीर झाला म्हणून."

हे ती कुठलाही सूर न चढवता बोलली, जशी एखादी वही तपासून चुका सांगावी. गुरुजींना माठ आठवत होते. पण ते त्यांनी ठेवलेच नव्हते. ते आले तेव्हापासून होतेच. काढायचे कधी राहून गेले. कायद्यानं ते बंद होते हे त्यांना माहीत होतं. नागरिकशास्त्राच्या तासाला ते स्वतःच तो धडा शिकवीत.

"ते लिहायलाच पाहिजे का?" त्यांनी विचारलं.

"माझी जबरी न्हाई," पद्मा म्हणाली आणि उठली.

पुढचे चार दिवस उकंडराव गुरुजींचे वाईट गेले. खोटं पत्र तीन दिवसांत झालं होतं. खरं लिहायला हात वळेना. कपाटाचं लिहून झालं. पुस्तकांचं झालं, त्यातली अकरा पुस्तकं त्यांनी कोनाड्यातून काढून, धूळ झटकून शाळेत परतही पाठवली, म्हणजे निदान 'होती' असं भूतकाळी लिहिता आलं. माठाशी येऊन पेन थांबे. कधी त्यांना वाटे, पोरीचं भलं होतंय, एक ओळ लिहिली तर माझं काय जातं? कधी वाटे, दिल्लीला कोणी मोठा माणूस हे वाचील, आणि बावीस वर्षांच्या नोकरीवर ती एक ओळ कायमची बसेल.

"एवढं काय लिहून राहिले?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"पोरीचं पत्र."

"पोरीचं हाय, मंग तुमाला घाम काहून फुटून राहिला?"

पाचव्या दिवशी त्यांनी ते लिहिलं. दोन माठ होते. मुख्याध्यापक या नात्यानं ते मी पाहत होतो. उशिरा येणाऱ्या मुलांना मी शिक्षा केली, कारण विचारलं नाही. खाली सही केली, तारीख घातली, आणि पद्मा आली तेव्हा तिच्याकडं न बघता कागद पुढं केला. तिनं तो वाचला, पिशवीत ठेवला आणि वाकून नमस्कार केला. गुरुजींना वाटलं, आपण फार मोठं काहीतरी दान केलं. दुपारी त्यांना छान झोप लागली.

जूनच्या शेवटी तार आली. पद्माची निवड झाली होती.

गावात एकच गडबड उडाली. सरपंच संतरामनं शाळेत सत्कार ठेवला आणि भाषणात सांगितलं की हे गाव पहिल्यापासूनच पुढारलेलं, इथल्या मातीतच विद्या आहे, म्हणूनच आज दिल्लीला आपली दखल घ्यावी लागली. टाळ्या पडल्या. मग पद्माला बोलायला उभं केलं. ती म्हणाली, "आपला जिल्हा देशात लई मागास हाय, म्हणून मला गुण जास्ती भेटले. लेखी परीक्षेत नंबर सव्विसावा व्हता, त्या गुणांनी नववा झाला." संतरामनं त्यालाही जोरात टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या, हे घरी जाईपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

गुरुजी मात्र खुर्चीत अवघडले. सव्विसावा. म्हणजे चाळीसात ती त्या गुणांशिवायही बसत होती. मग आपली ती ओळ?

विचारायला सवड मिळाली नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पद्मा निघाली. शिरड शहापूरच्या फाट्यावर तिला पोचवायला पुंजाजी होता, आई सोजराबाई होती, वाड्यातली दहा-बारा माणसं होती, आणि छत्री घेऊन गुरुजीही होते. एस.टी. आली. पद्मा पत्र्याची पेटी घेऊन चढली. सोजराबाई रडली, मग बाकीच्या बायांबरोबर मोंढ्याकडं बाजाराला गेली. पुंजाजी आणि गुरुजी पाटाच्या वाटेला लागले.

"पुंजाजी," गुरुजींनी घसा साफ केला, "त्या माझ्या पत्राचा उपयोग झाला म्हणायचा."

"कोन्तं पत्र? ते? ते न्हाई धाडलं, गुर्जी."

"नाही धाडलं?"

"पोरगी म्हणली, पत्राची जरूरच न्हवती. ज्याची मर्जी आसंल त्यानं जोडावं, आसं लिवलंय म्हणे कागदावर. तहसीलचा दाखला पुरला."

गुरुजींना आधी बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं. दिल्लीत कोणीही ती ओळ वाचली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "मग ते आहे कुठं?"

"घरी हाय की. मला वाचून दाखीवलं तिनं, दोन खेपा. मी म्हणलं, हे मास्तरनं सोता लिवलं? सहीनिशी? ती म्हणली, व्हय. मंग ठिवलं घरच्या पेटीत." पुंजाजी थोडा थांबला. "आपल्याला कुठं वाचता येतं. पण अक्षर लई सुरेख हाय तुमचं."

दिल्ली आठशे मैलांवर होती. पुंजाजीचं घर गुरुजींच्या ओसरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. कोणाला दाखवलं का, परत देशील का, असं काही विचारावं म्हणून गुरुजींनी तोंड उघडलं, आणि "हं" एवढंच म्हणाले.

गावापर्यंत दोघांचा रस्ता एकच होता. पुंजाजी सवयीनं दोन पावलं मागून चालत होता. तो बरोबरीला यावा म्हणून गुरुजी जरा थांबले. तोही थांबला. ते चालू लागले, की तोही चालू लागे. असं तीन-चार वेळा झालं, आणि मग गाव आलं.