बिनहुंड्याचं स्थळ

केडगावात कचरूच्या घरी त्या रविवारी सकाळपासून पोह्यांचा घमघमाट सुटला होता. त्याची लेक दीपा औषधशास्त्राची पदविका घेऊन मेडिकल दुकानात लागली होती, आणि तिला बघायला सुप्याहून चेतन आणि त्याची आई लंकाबाई आले होते. हुंडा नको, पोरगी औषधाचं शिकलेली हवी, एवढीच त्यांची अट. स्थळ आणणारे बन्सीमामा तर हवेतच होते.

"सैपाक मी शिकवीन," लंकाबाई म्हणाली. "सुई टोचता येती का, तेवढं सांग."

सगळे हसले. दीपाला काही हसू आलं नाही. भर मे महिन्यात या माणसानं पूर्ण बाह्यांचा शर्ट का घातलाय? पाण्याचा तांब्या पुढे करताना पावडरच्या वासाआडून पुवाचा वास आला.

"बाही वर करा जरा."

"अगं दीपे!" आई भागिरथीनं डोळे वटारले. चेतननं बाही वर सारली. दंडाचं कातडं लाकडागत टणक, काळंनिळं, मधेमधे चिघळलेली भोकं. शी!

"पेंटाझोसिनची सुई ना?" दीपानं विचारलं. त्यानं मान डोलावली.

"पोट दुखायचं म्हनून डॉक्टरनंच दिलंय," लंकाबाई म्हणाली. "गर्द न्हाई ते. कंपनीत बनतंय."

"कंपनीत बनलं म्हणून काय झालं? सांगाडा मॉर्फिनचाच आहे. दोन कड्या गाळल्यात, नायट्रोजनवरची शेपूट बदललीय. म्हणून ही किल्ली मेंदूतल्या त्याच कुलपात जाते, फक्त अर्धीच फिरते. दुखणं थांबतं, पण ओढ लागतेच. वर कातडं सडतं."

"लगीन झालं की सुटंल. तवर दुकानातनं आनून तूच देत जा की!"

ऐकलंत? पोटच्या पोराचा दंड सडतोय, आणि आई त्याच्यासाठी दवाखाना सोडून नवरी शोधतेय. वर हुंडा नको म्हणून मिरवायचं! किळस येते अशा मोठेपणाची.

"बाबा, मला हे लग्न नको," दीपा म्हणाली. "चेतन, दवाखान्यात यायचं असेल तर मी आत्ता सोबत येते. नवरी म्हणून नाही."

चेतननं आईकडे पाहिलं. तिनं त्याची बाही खसकन खाली ओढली. "ऊठ रं. नर्स बी चालंल. बन्सीभाऊ, त्या नालेगावच्या पोरीचं काय झालं?"

"हाय ना! जाऊ की आत्ताच," बन्सीमामा म्हणाले.

दीपानं पायात चपला सरकवल्या. "चला मामा, मीही येते. याची बाही वर करून बघायला तिला मीच सांगते."

कचरूनं हातातली बशी खाली ठेवली.

"थांब लेकी," तो म्हणाला, "म्या बी येतो."