पाचव्या घराने घातलेला घोळ

संक्रांतीला माणूस वैऱ्याशीही गोड बोलतो, आणि सुशांत नेमका त्याच दुपारी मल्लेश्वरमहून दोन बस बदलून बसवनगुडीला आला आणि दारातूनच म्हणाला, "आसावरी, तुझं प्रमेय चुकलंय."

घ्या! दुसऱ्या दिवशी संस्थेत तिचं व्याख्यान होतं आणि त्यावर शिष्यवृत्तीची वर्षभराची मुदतवाढ ठरायची होती. वाढ एकालाच मिळणार होती, आणि मागणारे दोघे: ती आणि तिच्याच विभागातला हा नागपूरचा सुशांत. नाही मिळाली तर लग्न होऊन पुण्याहून इथे कानडी मुलखात आल्यापासून रक्त आटवून चालवलेली पीएचडी अर्ध्यावर सोडायची. आसावरीचं डोकंच फिरलं.

"आजचाच मुहूर्त सापडला का रे तुला?"

"आत तर येऊ देशील?"

तिच्या सासूबाई, मथुराक्का, बाहेर आल्या. "या, बसा. स्वल्प एळ्ळू घ्या, मग भांडा," असं म्हणून त्यांनी तीळ, खोबरं नि गुळाच्या खड्यांची वाटी सुशांतच्या हातात दिली. मग सुनेकडे वळल्या. "काय चुकलं गं? मला कळेलसं सांग."

आसावरीने कसाबसा राग गिळला. "अक्का, आपल्या गोतात रीत आहे ना, आपण ज्यांच्याकडे एळ्ळू घेऊन गेलो, ते उलट आपल्याकडे येत नाहीत? दोन घरांत एकानेच जायचं. कोणी जायचं ते नाणं उडवून ठरवलं असं धरा. आता समजा आपला एळ्ळूचा डबा हातोहात फिरत पलीकडच्या घरच्या संध्याक्कांकडे पोचला. एवढं कळल्यावर, संध्याक्कांचा डबा तिसऱ्या घरच्या कृष्णाजींकडे पोचायची आशा वाढते की कमी होते?"

"मला काय ठाऊक, बाई!"

"मी म्हणते, कधीच वाढत नाही. डबा पोचला, म्हणजे संध्याक्कांच्या दारच्या वाटा आत येणाऱ्या निघाल्या. बाहेर जायला उरल्या कमी. तीन घरांचा हिशेब केला, आशा कमी झाली. चार घरांना कमी नाही की जास्त नाही. पुढचं मी सिद्ध केलंय."

"पाच घरांना वाढते," सुशांत म्हणाला. "एक हजार चोवीस प्रकार होतात. कॉम्प्युटरवर सगळे मोजले. थोडीशीच वाढते, पण वाढते."

आसावरी आत जाऊन कागद घेऊन आली. दोघं जमिनीवर बसले आणि तिची सिद्धता ओळीओळीने तपासू लागले. चूक सापडली, आणि तीही किती साधी! तीन घरांना ऋण असलेला नि चार घरांना शून्यावर आलेला आकडा पुढे कुठे निघालाय, हे न बघता ती शून्यावरच टेकली होती.

"पण वाढावी का?" ती पुटपुटली. मग तिनेच कागदावर बोट ठेवलं. "थांब हं. आपला डबा घराबाहेर पडलाच नाही, म्हणजे सगळेच आपल्याकडे आले. मग संध्याक्कांची एक वाटही आपल्याच घरात येऊन मेली! आपण अडकलो की त्यांचीही वाट वाया जाते; उलट आपला डबा पोचला, म्हणजे ती वाट वाचल्याची आशा वाढते. घरं वाढली की हेच भारी पडतं."

"अगं, हे मला सुचलं नव्हतं," सुशांत म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकले.

"मला काही समजलं नाही," मथुराक्का म्हणाल्या, "पण हिचा चेहरा उजळलाय, म्हणजे बरंच काहीतरी असणार." त्यांनी सुशांतला जेवूनच जायला लावलं.

दुसऱ्या दिवशी आसावरी फळ्यासमोर उभी राहिली. "आज जे सिद्ध करायचं कबूल केलं होतं, ते खोटं आहे," ती म्हणाली. "काल सुशांतने घरी येऊन मला ते दाखवलं. इथे सगळ्यांसमोर विचारलं असतं तर माझी बोलतीच बंद झाली असती." मग तिने तीन, चार, पाच घरं मांडली आणि वाट वाया जाण्याची गोष्ट सांगितली. पाचापुढचं अजून सिद्ध व्हायचंय, हेही लपवलं नाही.

मागे बसलेले बुजुर्ग पुढच्या बाकांवर सरकले. तासाभराने विभागप्रमुखांनी निकाल सांगितला: हे काम दोघांनी मिळून पुरं करावं आणि वाढही वाटून घ्यावी, सहा-सहा महिने.

जिन्यात तिने सुशांतला गाठलं. "तुझे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पण तू गप्प बसला असतास तर अख्खं वर्ष तुझं होतं रे."

"हो की," तो म्हणाला. "काल बसमध्ये तोच विचार करत होतो. बस बदलताना तिथूनच परत फिरावं असंही वाटलं."

"मग?"

"मग वाटलं, वर्षभर एकटा बसून करू काय? या अख्ख्या इमारतीत माझं लिखाण शेवटच्या ओळीपर्यंत कोण वाचतं? तू गेलीस तर माझ्या चुका कोण काढणार?"

आसावरीने पदराने डोळे पुसले. "आण इकडे तुझ्या प्रबंधाचं प्रकरण," ती म्हणाली. "आत्ताच बसू."