माझ्या मागे कोणी नाही

मित्रांनो, मी एक जुनी छत्री आहे खरी, पण पावसाशी माझा फारसा संबंध आला नाही. कारखान्यात माझ्या पिवळ्याधमक कापडाचं कौतुक झालं, ते मी लांबून दिसते म्हणून. परदेशी सहली नेणाऱ्या एका ताईने मला विकत घेतलं आणि माझी नोकरी ठरली. पडकी नगरं, थडगी, प्रार्थनास्थळं, जिथे ताई मला उंच धरी, तिथे भलीभली माणसं मुकाट माझ्या मागे येत. मला गर्व होता त्याचा. का नसावा?

ताईची एक पद्धत होती. ती सगळ्यांत पुढे आणि सगळ्यांत मागे एक भरवशाचा माणूस. त्याला ती 'शेपूट' म्हणे. निघताना शेपटाने ओरडायचं, "माझ्या मागे कोणी नाही!" मग ताई मला मिटून बस सोडायला सांगे.

त्या सहलीत शेपूट झाले एक निवृत्त हेडमास्तर. आवाज खणखणीत, शिस्त कडक. त्यांच्या मागे दोन-चार पावलांवर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू. लग्न झाल्यापासून त्या तशाच चालत आल्या होत्या म्हणे.

त्या दिवशी आम्ही एका ओसाड नगरात होतो. तिथल्या देवळांत देव उरले नव्हते, नुसते रिकामे कोनाडे. जागोजागी उघड्या विहिरी. बोललेला शब्द भिंतीवरून परत येई, पण जरा उशिराच, जणू मध्ये कुणीतरी तो ऐकून घेत होतं. माझ्या काड्यासुद्धा शहारल्या, बाई!

परतताना काकूंच्या चपलेचा पट्टा तुटला. त्या एका पायरीवर टेकल्या. मला वरून सगळं दिसत होतं. मी ओरडले असते हो, पण छत्रीला तोंड कुठे? फाटकाशी मास्तर गरजले, "माझ्या मागे कोणी नाही!" त्यांना खरंच तसं वाटत होतं.

काकूंची जागा बसमध्येही त्यांच्या मागेच होती. बस बरीच पुढे गेल्यावर मास्तरांनी मागे न बघता हात लांबवला. "अगं, पाणी दे." बाटली हातात आली नाही. हात तसाच राहिला. बोटं दोनदा हलली आणि ताईने बस मागे वळवायला लावली.

आम्ही परत पोचलो तेव्हा पहारेकरी फाटक लावत होता. त्याच्या हातापाया पडून ताई आत धावली, मला उघडून, उंच धरून. अंधारून येत होतं. एका पावलाची चूक आणि माणूस विहिरीत.

"अगं! अगं ए!" मास्तर हाका मारत होते. चारी बाजूंनी "अगं, अगं" परत येत होतं. काकूंची ओ काही येईना.

"काका, नावाने हाक मारा ना!" ताई रडकुंडीला आली होती.

मास्तरांनी हाका थांबवल्या. मी अगदी त्यांच्या डोक्यावर होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यांनी नाव घेतलं. इतक्या हळू, की खणखणीत आवाजाचे मास्तर ते हेच का, असं वाटावं.

खांबाआडून काकू बाहेर आल्या. एक चप्पल हातात.

"इथेच होतीस? मग ओ का दिली नाहीस गं?" मास्तरांना हुंदका आवरेना.

"पहिल्या हाकेपासून ऐकतेय," काकू म्हणाल्या. "पण अशा जागी 'अगं' म्हटल्यावर कोण कोण उठेल, सांगता येतं का? म्हटलं, मलाच बोलावताहेत का, ते तर कळू दे."

कुणालाच हसू आलं नाही. मास्तरांनी त्यांचा हात धरला आणि आम्ही फाटकाबाहेर आलो. मागे आतून अजून "अगं, अगं" येतच होतं. मास्तर तर केव्हाचे गप्प होते.

आता माझं कापड विटलंय, दोन काड्या मोडल्यात, ताईच्या कचेरीतल्या कपाटावर मी धूळ खात पडलेय. मला दुरुस्त करा, असा हट्ट नाही. पण मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या मागून कोण चालतंय ते वळून बघत जा आणि त्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारा. उशीर झाला, की त्या हाकेला भलतंच कुणी ओ देतं.